भावकीतली रहस्यकथा कोण लिहिणार?

मराठी घरांत जमिनीवरून जेवढे गुन्हे झाले असतील तेवढे दुसऱ्या कशावरून झाले नसतील. पण मराठी रहस्यकथेत ते शोधायला गेलं तर हाताला फारसं लागत नाही. तिथला खुनी स्मगलर असतो, टोळीवाला असतो, बंगल्यातला धनिक असतो, नाहीतर परका हेर असतो. सख्खा भाऊ, चुलता, भावजय, सावत्र आई ही माणसं आपण गंभीर कादंबरीला देऊन टाकली. तिथं त्यांनी एकमेकांची आयुष्यं मातीत घातली तरी त्याला कुणी गुन्हा म्हणत नाही. घराण्याची पडझड म्हणतात, बदलता काळ म्हणतात, नशीब म्हणतात. मला हे मान्य नाही. घरातल्या गुन्ह्याला गुन्हा म्हणणारी, तो कुणी केला आणि घरातल्या कुणाकुणाला ठाऊक होता हे शेवटच्या पानापर्यंत उलगडून दाखवणारी कादंबरी मराठीत हवी. आणि ती पुण्यामुंबईच्या फ्लॅटात घडून चालणार नाही. ती आमच्यासारख्या गावात घडली पाहिजे.

हे मी बोलते त्याला कारण माझं काम. मी दस्त लिहिते. भिवंडीत निबंधक कार्यालयाबाहेर आमच्यासारख्यांची टेबलं लागतात: खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र. राहायला मानकोलीत, आगऱ्यांच्या घरात. दिवसभर लोकांची घरं कागदावर उतरवायची आणि रात्री रहस्यकथा वाचायच्या, असा माझा बऱ्याच वर्षांचा क्रम आहे. या दोन गोष्टींची गाठ एकमेकींशी का पडत नाही, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे.

मध्यंतरी भाचीनं जेन हार्पर या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘द लॉस्ट मॅन’ ही २०१८ सालची कादंबरी वाचायला दिली. हार्पर मूळच्या पत्रकार. २०१६ सालच्या ‘द ड्राय’ या पहिल्याच कादंबरीनं त्या जगभर पोचल्या. त्यात दुष्काळानं करपलेलं गाव होतं. ‘लॉस्ट मॅन’मध्ये क्वीन्सलंडचा आतला, उजाड मुलूख आहे. तिथले गुरांचे मळे इतके अफाट की सख्खे भाऊ एकमेकांचे शेजारी, पण एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी पोचायला गाडीनं तासन् तास. नाताळच्या तोंडावर तीन भावांतला मधला, कॅमरन, एका जुन्या, एकाकी थडग्यापाशी उन्हानं आणि तहानेनं मेलेला सापडतो. त्याची गाडी नऊ किलोमीटरवर उभी. बिघाड काही नाही, आत पाणी आणि खाणं भरलेलं.

त्या घरात फोनजवळ एक वही असते. बाहेर पडणाऱ्यानं कुठं जातो, कधी परततो हे तिच्यात लिहून जायचं, कारण त्या मुलखात चुकलेल्या माणसाला शोधायला तेवढाच आधार. कॅमरननं वहीत लिहिलेलं असतं एक ठिकाण आणि तो सापडतो भलत्याच ठिकाणी. खरं काय, नोंद की माणूस, इथून सगळं सुरू होतं. पुढचं सांगत नाही, वाचणाऱ्याचा रस जाईल. एवढंच सांगते, की पोलिसांचं त्यात फारसं काम नाही. कोडं सुटतं ते घरच्यांच्या बोलण्याचालण्यातून, मयताच्या तयारीतून, आणि सुटता सुटता कधीच मेलेल्या बापानं त्या घराचं काय करून ठेवलं होतं तेही वर येतं.

वाचून झाल्यावर मला ऑस्ट्रेलिया दूर वाटला नाही. ती वही मी रोज हाताळते. आमच्याकडे तिला फेरफार नोंदवही म्हणतात: जमिनीवर कुणाचं नाव चढलं, कुणाचं उतरलं ते तिच्यात.

मानकोली नकाशावर काही आडगाव नाही. ठाण्याहून खारेगावचा खाडीपूल ओलांडला की आलीच. नाशिककडे जाणाऱ्यांना ती ओळखीची आहे ती नाका, उड्डाणपूल आणि कंटेनरांची रांग म्हणून. पण दूर असणं किलोमीटरवर ठरत नाही. माझं माहेर पलीकडच्या काठावर, डोंबिवलीच्या बाजूला, मोठागावात. मध्ये उल्हास नदीची खाडी. सासरच्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की पलीकडचा किनारा दिसायचा. आई आजारी पडली तर मात्र भिवंडी-कल्याणचा नाहीतर ठाण्याचा वळसा घालून जाताना अर्धा दिवस मोडायचा. मोठागाव-मानकोली पूल २०२४ साली खुला झाला. आता गाडीनं काही मिनिटं लागतात. तोवर आई राहिली नव्हती. दिलेल्या लेकी अशाच दूर असतात, आणि घरात काय चाललंय हे त्यांना कळेपर्यंत सगळं उरकलेलं असतं, हे मी माझ्यावरून आणि टेबलासमोर बसणाऱ्या बायांवरून सांगते.

खाडीकाठची शेती ज्यानं केली नाही त्याला ही जमीन किती खडतर होती ते कळायचं नाही. भरतीचं खारं पाणी अडवायला मातीचे बांध, पावसाचं गोडं पाणी बाहेर सोडायला उघाडी. पहिल्या सरींनी जमिनीतला खार धुऊन निघायचा, मग भाताची लावणी. बांधाला खेकड्यानं भोक पाडलं आणि उधाणाला तिथं खांड गेली, की उभं पीक तर जायचंच, वर खार मुरलेली जमीन पुढचे काही पावसाळे उठायची नाही. म्हणून बांध सगळ्यांनी मिळून राखायचा. आणि म्हणूनच भावावर सूड घ्यायचा तर कोयता लागायचा नाही. अमावास्येच्या उधाणाला, रात्री, फावड्याचे दहा घाव पुरायचे. सकाळी सगळे म्हणणार खेकड्यानं केलं, आणि पंचनाम्यातही तेच यायचं. असा गुन्हा जगातल्या दुसऱ्या कुठल्या कादंबरीत सापडणार आहे? तो लिहायला इथलाच माणूस हवा, ज्याला अमावास्येची भरती किती वाजता भरते ते तोंडपाठ आहे.

त्या खारावर नंतर भराव पडला. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, मुंबईच्या जकातीबाहेर माल ठेवायला जागा हवी होती, महामार्ग दारात होता. अंजूर, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, मानकोली अशी गावंच्या गावं गोदामांची झाली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं थांबली नाहीत. आता तिथं घरोघर पोचवायच्या ऑनलाइन मालाची खोकी असतात. मग अंजूर-भरोडीला बुलेट ट्रेनचा डेपो आला, तालुक्यातून मुंबई-वडोदरा महामार्ग निघाला, आणि जून २०२५ मध्ये आमण्यापर्यंत आलेल्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. ज्या खाराच्या तुकड्याला मुलगी देताना कुणी विचारत नव्हतं, त्याच्या मोबदल्यासाठी आता वारस उगवतात, आणि काही वारस मावळतात.

रात्री दोन वाजता या भागातून गेलात तर मी कशाला ‘खडतर’ म्हणते ते दिसेल. लांबच लांब पत्र्याच्या भिंती, एकाही भिंतीला खिडकी नाही. खड्ड्यातून हेलकावणारे ट्रेलर, त्यांच्या दिव्यांत उडणारी धूळ, कुठंतरी परप्रांतातून आलेला पहारेकरी, ज्याला या गावातल्या एकाही माणसाचं नाव माहीत नाही. झाड नाही, ओटा नाही. दिवसा हजारो माणसं राबतात, पण तिथं राहत कुणीच नाही, त्यामुळे काही घडलं तर पाहणारा कुणी नाही. ‘लॉस्ट मॅन’मधल्या अफाट मळ्यांवरचा ओसाडपणा आम्ही इथं एका पिढीत तयार केला. आणि त्या पत्र्यांच्या मागं, मध्येच उरलेल्या जुन्या घरात, एक म्हातारी अजून अंगणात सुकट वाळत घालते.

फरक एकच आहे आणि कादंबरीकारानं तो नीट धरला पाहिजे. तिकडं गुपित राहतं ते अंतरामुळे. ओरडलेलं ऐकायला कुणी नसतं. आर्थर कॉनन डॉयलनं १८९२ सालच्या ‘कॉपर बीचेस’ या कथेत शेरलॉक होम्सकडून हेच वदवलंय, की लंडनच्या वाईट वस्तीपेक्षा हिरव्यागार रानातली सुटी सुटी घरं जास्त भीतीदायक. आमच्याकडे गावात मात्र घराला घर लागून. सुनेचा आवाज चढला तर तीन घरं पलीकडे कळतं. तरीही गुपित राहतं, पिढ्यान् पिढ्या राहतं, कारण सगळ्यांना ते ठाऊक असतं आणि सगळे भावकीतले असतात. तिकडचा तपास माहिती शोधण्याचा. इथला तपास म्हणजे माहीत असलेलं कुणीतरी एकदा बोलून दाखवावं यासाठीची झटापट. रहस्यकथेला हे आव्हान जास्त मोठं आहे असं मला वाटतं.

कागद काय काय लपवतात ते सांगते. जुना सातबाऱ्याचा उतारा काढा. बापाच्या पश्चात एकट्या थोरल्याचं नाव आणि पुढं ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं दिसतील. एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, नाव एकाचं. पुढं धाकटे मेले, त्यांच्या बायका पोरं घेऊन माहेरी गेल्या, आणि एका नव्या उताऱ्यावर ती अक्षरं उतरवायची राहून गेली. उरलं एक नाव, जणू घराला एकच मुलगा होता. कुणाचं रक्त सांडलं नाही आणि एक अख्खी शाखा नाहीशी झाली. तसंच अज्ञान मुलाचं: ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालक कर्ता म्हणून चुलत्याचं नाव लागतं आणि मुलगा म्हातारा झाला तरी निघत नाही. बहिणींची नावं लागली तरी कब्जेदारांत लागत नसत, ‘इतर हक्कात’ टाकली जात. शासनाला २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली, मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावण्यासाठी. इतके मेलेले लोक आमच्या जमिनींचे मालक म्हणून उभे आहेत. रहस्यकथा लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

त्यात कायद्यानं बहिणीला जागं केलं. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं जन्मसिद्ध हिस्सा दिला. २००५ साली तो देशभर लागू झाला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की २००५ मध्ये बाप हयात होता की नव्हता यावर मुलीचा हिस्सा ठरत नाही. तेव्हापासून आमच्या टेबलांवर हक्कसोडपत्रांची गर्दी वाढली. वर्षानुवर्षं भाऊबीजेला न आलेले भाऊ बहिणींना गाडीत घालून आणतात. काही बहिणी खरोखर मनापासून सोडतात, त्यांना माहेरचं दार उघडं राहायला हवं असतं, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण दस्तात ‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता’ हे शब्द टाइप करताना मी समोरच्या बाईकडे बघते, आणि सगळ्याच बाया मान वर करत नाहीत.

एक प्रसंग, ओळख पटू नये इतका बदलून सांगते. दोघं भाऊ आपल्या म्हाताऱ्या बहिणीला घेऊन आले. गोदामासाठी जमीन द्यायची ठरली होती, खरेदीदाराचा माणूस बाहेर मोटारीत बसलेला. त्यांच्याकडची वंशावळ घेऊन मी मसुदा केला: बाप, त्याची बायको, दोन मुलगे, एक मुलगी. सही करायच्या आधी मसुदा वाचून दाखवायचा हा माझा नेम. म्हातारी म्हणाली, “बाय, मना वाचाला येत नाय. तू सांग काय लिवलंय.” मी सावकाश वाचलं. ती एकेक नावाला मान हलवत होती. शेवटचं नाव झालं तरी ती थांबून राहिली. मग म्हणाली, “आन मधला?”

थोरला पटकन म्हणाला, “तो नाय का गेला मागंच.” धाकट्यानं खिशातला मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागला. म्हातारीनं थोरल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. मी विचारलं, कधी वारले, मृत्यूचा दाखला आहे का, लग्न झालेलं होतं का. थोरला म्हणाला, लहानपणीच गेला. म्हातारी हळूच म्हणाली, “लहान कुठं, त्याचं लगीन ठरलं व्हतं.” पुढं कुणीच बोलेना. मी सांगितलं, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र नव्यानं करून आणा, मधल्याचं नाव आणि तो मयत आहे की बेपत्ता आहे ते लिहून, त्याशिवाय मी दस्त करणार नाही. सात वर्षं ज्याची खबरबात नाही त्याला मयत धरण्याची सोय कायद्यात आहे, रस्ता आहे, हेही सांगितलं. ते उठले. जाताना म्हातारी जिना उतरायला वेळ लावत होती आणि थोरला तिच्या दंडाला धरून होता. परत ते माझ्याकडे आले नाहीत.

त्या मधल्याचं काय झालं असेल? साधंच काही असेल: गिरणीत लागला, तिकडं जातीबाहेर लग्न केलं, घरानं नाव टाकलं. किंवा साधं नसेलही. पण एका घरानं एक तरणाताठा माणूस वंशावळीतून काढला आणि त्याची आठवण फक्त एका निरक्षर बहिणीकडे राहिली, हे माझ्या समोर घडलं. इथून पुढची कादंबरी मला वाचायची आहे. ती मराठीत नाही.

मराठी रहस्यकथेबद्दल मी तुच्छतेनं बोलत नाही, उलट तिनं मला वाचायला शिकवलं. माझे वडील रेतीच्या बंदरावर हिशेब लिहायचे आणि दुपारी बाबूराव अर्नाळकर वाचायचे. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. ज्या अर्नाळ्याचं नाव त्यांनी घेतलं ते वसईच्या उत्तरेला, वैतरणेच्या मुखाशी. हजारावर रहस्यकथा लिहून झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांना त्यांनी घराघरांत नेलं. कामगार, कारकून, शाळकरी पोरं त्यांच्यामुळे वाचायला लागली. पुढं गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन आले. वेग होता, धाडस होतं, संवाद खटकेबाज होते. पण हे नायक येतात बाहेरून, गुन्हा मिटवतात आणि निघून जातात. भावकीतल्या गुन्ह्यात बाहेरून येऊन कुणाला काही कळत नाही. तिथं तपास करणाऱ्याला त्याच घरात जेवायचं असतं, त्याच घरात उद्या सुतकाला बसायचं असतं.

उलट बाजूला आपल्या मोठ्या साहित्यकृती पाहा. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आलं: विदर्भातलं धरणगावकर देशपांड्यांचं घर, बाप गेलेला, तेराव्याचा खर्च, आणि घरचं सोनं नाहीसं होणं. हमीद दलवाईंची ‘इंधन’ १९६५ सालची: मुंबईहून बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या गावी आलेला मुलगा, कुळकायद्यानं हललेलं घर, घरातले झाकलेले संबंध आणि शेवटी पेटलेलं गाव. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये जगबुडीच्या काठावरचं एक घराणं पिढ्यान् पिढ्या आपल्याच वैरात जळतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त माणदेशचा दुष्काळ एक अख्खं गाव उठवून लावतो. गुपितं इथं आहेत, मुलूखही आहे, आणि या लेखकांची उंची गाठणं सोपं नाही हे मला कळतं. तरीही वाचताना मला एक उणीव जाणवते. ही पुस्तकं आपल्याला सगळ्यांविषयी कणव वाटायला लावतात. ‘कुणी केलं?’ असं ती विचारत नाहीत. रहस्यकथेला ते विचारावंच लागतं. शेवटच्या पानावर तिला एक नाव घ्यावं लागतं, नाहीतर वाचक पुस्तक फेकून देतो. हा तिचा नियम मला न्यायाच्या फार जवळचा वाटतो. ज्या म्हातारीनं “आन मधला?” विचारलं तिला कणव नको होती. उत्तर हवं होतं.

हृषीकेश गुप्त्यांच्या ‘दंशकाल’सारखी कादंबरी या वाटेनं काही अंतर आली आहे: कोकणातलं गाव, घर आणि त्या घरानं गाडलेलं. पडद्यावरही लोक अशा गोष्टी आवडीनं पाहतात. १९७२ ते ७४ या दुष्काळाच्या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये झालेल्या खुनांवर २०२४ साली मालिका आली. तिला पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींचा आधार होता. म्हणजे वाचक-प्रेक्षक आहे. लिहिणारे कमी आहेत.

लोक म्हणतात, अशानं समाजाची बदनामी होते. आगऱ्यांच्या घरातलं लिहिलंस तर आगऱ्यांवर बोट येणार. मी उलट म्हणते. बांध फुटला की हीच माणसं मध्यरात्री कमरेइतक्या चिखलात उतरायची, वैर असलेले भाऊही शेजारी उभे राहून माती टाकायचे. लग्नात धवला म्हणणारी धवलारीण घराण्याची नावं घेताना कुणाला वगळत नाही. ज्या समाजात इतकं आहे त्यातला एक माणूस आपल्या रक्ताच्या माणसाला कागदावरून पुसतो, तेव्हा काय काय मोडतं ते सांगायला धीर लागतो. तो धीर दाखवणं ही बदनामी नाही. आणि हे फक्त आमच्याकडे घडतं असंही नाही. जिथं जमिनीचा भाव एका रात्रीत चढला त्या प्रत्येक तालुक्यात हीच पोटदुखी आहे. आडनावं बदला, पीक बदला.

दुसरी अडचण खरी आहे. गावात राहून असं लिहिलं तर लोक स्वतःला ओळखतील, आणि ज्यांच्याविषयी लिहायचं ते आता पैसेवाले आहेत, काही पुढारीही आहेत. वार्ताहरानं हे लिहिलं तर त्याला पुरावा मागतील, दमही देतील. म्हणून तर कादंबरी हवी. तिच्यात गावाचं नाव बदलता येतं, तीन घरांचं एक घर करता येतं, आणि जे कोर्टात कधी शाबीत होणार नाही ते वाचकासमोर मांडता येतं.

तिसरा आक्षेप अभ्यासू लोकांचा असतो: रहस्यकथा म्हणजे वेळ घालवायचं वाचन. त्यांना मी एवढंच सांगेन, की वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात वीस-वीस वर्षं चालताना मी पाहिला आहे. वादी मरतो, त्याचे वारस लागतात, प्रतिवादी मरतो, त्याचे वारस लागतात. इतका काळ ज्यांना उत्तरासाठी थांबायला लावलं जातं, त्यांना तीनशे पानांत उत्तरापर्यंत नेणारं पुस्तक हलकं वाटत नाही.

हे लिहायला कुणी यायला हवं? मला तरी वाटतं निवृत्त तलाठी, पोलीस पाटील, आशा ताई, दिवाणी कोर्टातले कारकून, भूमी अभिलेखचे मोजणीदार, गोदामातल्या रात्रपाळीच्या पोरी. यांच्याकडे तपशील आहेत आणि लिहायची सवय नाही. ज्यांना सवय आहे त्यांच्याकडे तपशील नाहीत. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’च्या जोडीला ‘नवल’ काढलं, तेव्हा गूढ आणि थरारक लिखाणाला एक मानाची जागा मिळाली होती. ‘धनंजय’चा दिवाळी अंक आजही रहस्यकथेचा वाचक राखून आहे. या अंकांनी, आणि कादंबऱ्या छापणाऱ्या प्रकाशकांनी, एखाद्या वर्षी ठरवून या लोकांना लिहितं करावं. सोबत एक चांगला संपादक द्यावा, जो भाषा घासूनपुसून शहरी करणार नाही, म्हातारीचं “मना वाचाला येत नाय” तसंच ठेवेल.

त्या कादंबरीचं पहिलं पान वारस नोंदीच्या अर्जानं सुरू व्हावं. अर्जात तीन वारस. गावात चौकशीला गेलेल्या माणसाला चौथा कळतो. चौथ्याच्या नावाचा शाळेचा दाखला सापडतो, मृत्यूचा सापडत नाही. भरावाखाली गेलेल्या एका शेताच्या जुन्या नकाशात विहीर आहे, आताच्या मोजणीत ती नाही. आणि ज्या साली बांधाला खांड गेली, त्याच साली घरातला एक माणूस ‘मुंबईला गेला’. कुणी लिहायला बसणार असेल तर येऊन भेटावं. फेरफार कसा वाचायचा, कुठल्या रकान्यात माणसं लपवतात, कुठल्या नोंदीवर सही असते आणि तारीख नसते, हे सगळं मी समोर बसून दाखवीन.